जुना कॉम्प्युटर चालू करायच्या आधी: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार इकडून मला जे फोन येतात, त्यांतले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात: "भाऊ, माळ्यावर वडिलांचा जुना कॉम्प्युटर सापडला, चालू केला आणि धूर निघाला." तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी नव्वदच्या दशकात असेम्बल्ड मशीनं बसवायचो. डाळ मिल, जिनिंग, वजनकाटा, लग्नपत्रिकेचा छापखाना, जिथे बोलावलं तिथे जायचो. तीच मशीनं आता परत माझ्याकडे येतात. खालची उत्तरं ८०८८ पासून २८६, ३८६, ४८६ करत पेंटियमपर्यंतच्या प्रोसेसरांच्या, म्हणजे साधारण १९८१ ते २००० या काळातल्या मशीनना लागू पडतात.

पंचवीस वर्षं बंद पडलेला ३८६ आहे. एकदा चालू करून बघू का?

नको. वायर लावूच नका. आधी कॅबिनेटचे मागचे स्क्रू काढा, झाकण उघडा आणि टॉर्च घेऊन आत बघा.

काय बघायचं? बॅटरी फुटून हिरवंनिळं काही पसरलंय का. उंदराचं घर आहे का. उंदराच्या मुतामुळे पत्रा गंजतो आणि बोर्डावरच्या रेषाही खातो. पंख्यात कापूस अडकलाय का. जिनिंगमधून आलेल्या मशीनच्या पंख्यावर मी बोटभर जाडीचा सरकीचा तूस पाहिलाय, अगदी उशीत भरता येईल असा. चोपड्याकडून आलेल्या एका मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये वाळून कडक झालेली पाल निघाली. तिचं शेपूट एका हीटसिंकवर आणि पुढचे पाय दुसऱ्यावर होते. मालकाने माझ्याकडे आणण्याआधी तीन वेळा बटण दाबलं होतं आणि तिन्ही वेळा घरचा एमसीबी पडला होता. पाल काढली, जळका फ्यूज आणि एक ट्रान्झिस्टर बदलला आणि सप्लाय चालला. पहिल्यांदाच झाकण उघडलं असतं तर फक्त पाल काढावी लागली असती.

धूळ ब्लोअरने उडवा, पण पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने गरगर फिरवला तर बेअरिंग जातं. ओल्या कापडाने बोर्ड पुसायचा विचारही करू नका.

मग पहिल्यांदा करंट कसा द्यायचा?

सिरीज बल्ब लावून. गावातल्या प्रत्येक टीव्ही मेकॅनिककडे हा जुगाड असतो: फेजच्या वायरमध्ये एक १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, तारेचाच बल्ब पाहिजे. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो आणि मशीन वाचतं. क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही.

पॉवर सप्लाय, म्हणजे आपला एसएमपीएस, आधी मदरबोर्डापासून सोडवून एकटा तपासा. जुने सप्लाय लोडशिवाय चालूच होत नाहीत, म्हणून "मेला" असं घाईने ठरवू नका. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब लाल आणि काळ्या तारेवर लावा. तो मंद पेटेल आणि तेवढा लोड पुरतो. मग मल्टिमीटर धरा. लाल तारेवर ५ व्होल्ट, पिवळ्यावर १२, निळ्यावर उणे १२, पांढरीवर उणे ५. पाच व्होल्ट हा ४.७५ ते ५.२५ च्या आत असला पाहिजे. नारिंगी तार 'पॉवर गुड'ची. बाकी सगळं ठीक असून ती शून्यावर असेल तर बोर्ड कायम रिसेटमध्ये राहतो आणि आपण उगाच रॅम बदलत बसतो.

सप्लायचा डबा उघडणार असाल तर प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा. आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरवर मिळून सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेला असतो. मीटरने शून्य दिसल्याशिवाय बोट घालू नका. अजून एक: एटी प्रकारच्या जुन्या कॅबिनेटच्या समोरच्या पॉवर बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतो. नवीन मशीनमध्ये तसं नसतं, त्यामुळे आजची पोरं ते बटण बिनधास्त हाताळतात.

मागे ११५ आणि २३० असा लाल स्विच असेल तर तो २३० वरच आहे ना ते पाहा. साफसफाई करताना कुणीतरी तो खेळ म्हणून सरकवलेला असतो.

मदरबोर्डाला जाणारे दोन सारखेच कनेक्टर आहेत. कोणता कुठे?

काळ्या तारा मधे, एकमेकींना चिकटून. पी-८ आणि पी-९ अशी त्यांची नावं. उलटे लावले तर बोर्ड जाईल, आणि तो परत येत नाही.

चालू केल्यावर फटाक्यासारखा आवाज आणि धूर. सगळं संपलं?

बहुतेक वेळा नाही. दोन नेहमीचे गुन्हेगार आहेत.

पहिला, मेन लाइनवरचा फिल्टर कपॅसिटर. जुन्या सप्लायमध्ये पिवळसर, अर्धपारदर्शक कवचाचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या कवचाला बारीक चिरा पडतात, पावसाळ्यात ओल आत जाते आणि वीज दिली की ते फुटतात. धूर भयंकर, वास आठवडाभर, नुकसान मात्र त्या एका कपॅसिटरचं. फुटायच्या आधीच तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवीन एक्स-२ प्रकारचा, म्हणजे मेन लाइनसाठीच बनवलेला, कपॅसिटर टाकून घ्या. तिथे साधा कपॅसिटर टाकू नका.

दुसरा, मदरबोर्डावरचा किंवा कार्डावरचा टॅन्टलम कपॅसिटर. तुरीच्या दाण्याएवढा, पिवळा किंवा निळा थेंब. तो शॉर्ट झाला की सप्लाय टिक-टिक करतो किंवा अजिबात उठत नाही. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत आणि १९८३ च्या एक्सटीत १२ व्होल्ट लाइनवरचे हे थेंब जाणं अगदी नेहमीचं. सगळी कार्डं काढा आणि बोर्डाच्या पॉवर कनेक्टरवर मीटर लावून बघा. १२ व्होल्ट आणि काळा यांच्यात जवळजवळ शून्य ओहम आले तर थेंबच शोधा. नवा लावताना अधिक-उणे नीट बघा, उलटा लावला तर पुन्हा दिवाळी.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. शॉर्ट आहे का?

शॉर्ट नाही, तुमच्या घराला अर्थिंग नाही. या एका कारणाने आपल्याकडे जेवढी मशीनं गेली तेवढी व्हायरसने गेली नसतील.

झालंय काय, तर एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातून गळणारा बारीक करंट अर्थिंगने जमिनीत जावा अशी योजना. तुम्ही तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून मधली पिन कापली. आता तो करंट जाणार कुठे? पत्र्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट फार थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या. पण त्याच अवस्थेत प्रिंटरची केबल लावली आणि प्रिंटर दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर असला, की तो सगळा फरक पॅरलल पोर्टच्या चिपमधून जातो. "भाऊ, प्रिंटर लावला आन् पोर्ट गेलं" या तक्रारीमागे हेच असतं.

उपाय इलेक्ट्रिशियनचा आहे. परसात खड्डा, मीठ, कोळसा, प्लेट, जाड तार. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं, तेव्हा मार्चपासून खड्ड्यात दर पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी ओता. घरातल्या मोठ्यांना हा वेडेपणा वाटेल. वाटू द्या.

बॅटरीतून हिरवं काहीतरी निघालंय. बोर्ड फेकून देऊ?

थांबा. या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण २८६, ३८६, ४८६ यांच्यातली बहुतेक मरणं इथेच होतात.

बोर्डावर ती निळी किंवा हिरवी, आडव्या पिंपासारखी ३.६ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यात निकेल-कॅडमियमचे तीन सेल. घड्याळ आणि सेटिंग सांभाळणं तिचं काम. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती गळते आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बोर्डभर पसरतं. ते अल्कली आहे, तांब्याच्या बारीक रेषा खातं. बॅटरी सहसा कीबोर्डच्या सॉकेटजवळ असते, म्हणून पहिला बळी कीबोर्डची चिप आणि जवळचे स्लॉट.

बोर्ड बाहेर काढा. बॅटरी कापून टाका, मग बोर्ड चांगला दिसत असला तरी. ज्या मशीनमध्ये अजून गळलेली नाही तिथेही आजच काढा, उद्याचा वायदा नको. हातात मोजे घाला.

मग किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि जुना टूथब्रश. लिंबाचा रस गाळून घेतला तरी चालतो. हिरव्या भागावर लावा, बुडबुडे येतात का बघा. बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवा, ते गाडीच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं. व्हिनेगर तसंच राहिलं तर ते स्वतःच गंज चढवतं, त्यामुळे धुण्यात कंजूषी नको. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि सावलीत, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ठेवू नका, बोर्ड वाकडा होईल.

आता खरं काम. भिंग घ्या, मीटर बीपवर टाका आणि त्या भागातली प्रत्येक रेष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. जी तुटली असेल तिच्यावरचा हिरवा थर ब्लेडने हळूच खरवडा. तांबं गुलाबी दिसलं तर जीव आहे, काळं भुकटीसारखं निघालं तर मेलं. तिथे टेलिफोनच्या तारेतला एक धागा घेऊन वरून जोड द्या. २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री पुरे, मोठी वापराल तर रेषच उचलून येईल. एका ४८६ वर मी सतरा जोड दिले होते. तीन रात्री गेल्या. बायको म्हणाली, एवढ्यात गोधडी शिवून झाली असती.

नवीन बॅटरी बोर्डावर लावूच नका. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते, आणि शेजारी जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी. तीन पेन्सिल सेलचा होल्डर डायोड लावून तिथे जोडा आणि होल्डर कॅबिनेटच्या तळाशी, बोर्डापासून लांब चिकटवा. नाण्यासारखा सीआर२०३२ सेल लावायचा असेल तर डायोड हवाच. मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं, आणि लिथियमचा हा सेल चार्ज केला तर फुटू शकतो. तिथे बीएटी८५ सारखा शॉट्की डायोड घ्या. साध्या डायोडवर अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो आणि घड्याळाला उरलेलं पुरत नाही.

माझ्या बोर्डावर बॅटरीच नाही, तरी दर वेळी तारीख जाते.

'डॅलस' लिहिलेला काळा उंच ठोकळा शोधा, डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७. बॅटरी त्याच्या पोटात आहे आणि ती साधारण दहा वर्षांची असते, म्हणजे केव्हाच संपली. नवीन म्हणून विकतात त्यांतले बरेच जुनेच, पुसून ठेवलेले. त्यापेक्षा ठोकळ्याची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासून १६ आणि २० नंबरच्या पायांची आतली जोडणी उघडी करा, आतल्या मेलेल्या सेलकडे जाणारा भाग तोडा आणि बाहेरून ३ व्होल्टचा सेल जोडा. २० ला अधिक, १६ ला उणे. हात थरथरत असेल तर कुणाकडून करून घ्या.

लाइट लागते, पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही.

क्रम पाळा. हार्डडिस्क, फ्लॉपी, साउंड कार्ड, मोडेम सगळं काढा. बोर्ड, रॅम, डिस्प्ले कार्ड, स्पीकर एवढंच ठेवा. स्पीकर विसरू नका, तोच बोलणार आहे.

रॅम काढून तिचे दात खोडरबरने पुसा. साधा पांढरा खोडरबर घ्या. शाईचा खरखरीत नको, तो सोन्याचा मुलामाच काढतो. भुकटी स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आणि रॅम पूर्ण बँक भरून लावा: ३०-पिनांची असेल तर ३८६ डीएक्स आणि ४८६ मध्ये चार-चार, ७२-पिनांची असेल तर पेंटियममध्ये दोन-दोन. एकटी लावून "रॅम खराब" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

यानंतर सॉकेटमधली प्रत्येक चिप अंगठ्याने दाबा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश आणि जानेवारीत पहाटे दहाच्या आसपास. या आकुंचन-प्रसरणाने चिपा वर्षाला केसभर वर सरकतात. दाबली की बारीक 'कट्' ऐकू येतं. निम्म्या वेळा एवढ्यावर काम होतं आणि मग पैसे मागायला लाज वाटते.

तरीही काही नाही, तर स्लॉटमध्ये पोस्ट कार्ड लावा (टपालाचं नव्हे, तपासणीचं). त्यावर दोन आकडे दिसतात, मशीन सुरुवातीच्या तपासणीत कुठे अडलं त्याचे. एकाच कार्डाला दोन्ही बाजूंना दात असतील तर लावताना दिशा बघा, उलटं लावलं तर कार्ड आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात.

बीप वाजतात. कसे मोजायचे?

आधी बायोस, म्हणजे मशीन उठवणारा चिपमधला प्रोग्रॅम, कोणाचा ते चिपवरच्या स्टिकरवर वाचा, कारण भाषा वेगवेगळी. एएमआयमध्ये तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबी मेमरीत बिघाड, सहा म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर (गळलेली बॅटरी आठवा), आठ म्हणजे डिस्प्ले कार्डाची मेमरी, नऊ म्हणजे बायोसची चिपच. अवॉर्डमध्ये एक लांब दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. आयबीएमच्या मशीनवर आकडे येतात: १६१ बॅटरी, ३०१ कीबोर्ड, ६०१ फ्लॉपी, १७०१ हार्डडिस्क.

कीबोर्ड चालत नाही.

कॅबिनेटवर किल्ली लावायची जागा आहे? ती लॉक केलेली आहे. हसू नका, एका पतसंस्थेने यापायी दोन कीबोर्ड विकत घेतले होते. किल्ली हरवली असेल तर आत बोर्डावरून त्या लॉकची वायर काढून टाका.

ते नसेल तर एक्सटी आणि एटीचा घोळ बघा. दोघांचं गोल पाच पिनांचं सॉकेट सारखंच, पण बोलणं वेगळं. काही कीबोर्डांच्या पोटाशी त्यासाठी छोटा स्विच असतो. आणि चालू मशीनला कीबोर्ड लावायची सवय असेल तर सॉकेटजवळचा बारीक फ्यूज उडालेला असेल. तो रेझिस्टरसारखाच दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

हार्डडिस्कमध्ये वडिलांचे हिशोब आहेत. आधी काय करू?

मशीन नंतर, डेटा आधी. आयडीई डिस्क (४० पिनांच्या एकाच चपट्या केबलची) असेल तर काढून यूएसबी अडॅप्टरने आजच्या कॉम्प्युटरला लावा आणि पूर्ण डिस्कची इमेज घ्या, 'डीडीरेस्क्यू'सारख्या प्रोग्रॅमने. फाइली उघडून बघायचा मोह आवरा. जुनी डिस्क किती तास फिरेल हे तिलाच माहीत, ते तास कॉपी करण्यात जाऊ द्या.

दोन केबलींची, ३४ आणि २० पिनांची, विटेएवढी जड डिस्क असेल तर ती एमएफएम प्रकारची. सीगेटची २० एमबीची एसटी-२२५ पुष्कळ ठिकाणी होती. ती यूएसबीला लागत नाही. तिचं कार्ड तिच्याबरोबरच ठेवा, दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला तिचं लिखाण सहसा वाचता येत नाही. हलवायच्या आधी 'पार्क' कमांड द्या, तिची डोकी आपोआप बाजूला जात नाहीत. या डिस्कची डोकी स्टेपर मोटरवर चालतात आणि तापमानाने रेषा किंचित सरकतात. थंडीत लिहिलेलं भर उन्हाळ्यात वाचताना 'सेक्टर नॉट फाउंड' येतं. त्यामुळे एरर आली म्हणून लगेच फॉरमॅट करू नका. अर्धा तास तापू द्या, किंवा उलट पहाटे गारव्यात चालवून बघा. पिंप्राळ्याच्या एका दुकानदाराचा १९९१ चा खतावणीचा डेटा मी डिसेंबरात पहाटे साडेपाचला, खिडकी उघडी ठेवून, कानटोपी घालून काढला होता.

डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये तिचे आकडे गेलेत. बॅटरी मेली की ते जातात. डिस्कच्या स्टिकरवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर टाइप ४७ मध्ये हाताने भरा.

जुन्या डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीई अडॅप्टरवर लावणं मला पटतं: आवाज नाही, गरम होत नाही. फक्त जुन्या बायोसला ५०४ एमबीच्या पुढे दिसत नाही, आणि डॉस ६.२२ ला दोन जीबीच्या पुढचं पार्टिशन करता येत नाही.

फ्लॉपीवर पांढरे ठिपके आहेत.

बुरशी. ड्राइव्हमध्ये घालू नका. हेडला लागेल आणि पुढची प्रत्येक फ्लॉपी खराब करेल. झडप सरकवून चकती हाताने फिरवत आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मऊ कापडाने पुसा, वाळू द्या, मगच वाचा. आपला कोरडा उन्हाळा फ्लॉपीला मानवतो. कोकणातल्या ओळखीच्यांकडच्या फ्लॉपींपेक्षा इथल्या जास्त वाचतात. अपवाद धाब्याच्या घरांचा, तिथे पावसाळ्यात भिंतीतून ओल येते.

ड्राइव्हची लाइट कायम लागून राहिली तर केबल उलटी आहे. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये लिहिलेली ३६० केबीची फ्लॉपी जुन्या ३६० च्या ड्राइव्हला बऱ्याचदा वाचता येत नाही, कारण नव्या हेडची रेष अर्ध्या रुंदीची. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीच वाचतो. मोठ्या फ्लॉपींसाठी 'ग्रीसवीझल' नावाचा बोर्ड मिळतो, तो जुना ड्राइव्ह यूएसबीला जोडतो.

मराठी फाइल उघडली तर सगळं अगम्य चिन्हांत दिसतं. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही, युनिकोडच्या आधीचं मराठी आहे. त्या काळी दोन वाटा होत्या. एक, पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड. ते स्लॉटमध्ये बसायचं आणि डॉसमधल्या वर्डस्टार, डीबेसमध्ये देवनागरी दाखवायचं. ती फाइल इस्की संकेतात असते आणि तुलनेने सरळ बदलता येते. दुसरी वाट श्री-लिपीसारख्या फॉन्टची, डीटीपीवाल्यांची. तिथे अक्षर साठवलेलं नसतं, अक्षराचे तुकडे साठवलेले असतात: काना वेगळा, वेलांटी वेगळी. नेमका कोणता फॉन्ट होता ते कळल्याशिवाय त्याचं युनिकोड करता येत नाही. म्हणून डिस्कवरून फाइलींबरोबर फॉन्टचं फोल्डरही उचला.

आणि कॉम्प्युटरच्या मागे पॅरलल पोर्टला आगपेटीएवढा, काहीच न करणारा एक डबा लागलेला दिसेल. तो डबा म्हणजे सॉफ्टवेअरचं लॉक. एका छापखान्याच्या मालकाने "हे उगाच जोडलेलं होतं" म्हणून तो भंगारात दिला आणि मग पंधरा वर्षांच्या पत्रिकांचे मजकूर उघडेनात. आम्ही भंगारवाल्याच्या गोण्या उपसल्या, सापडला नाही.

मॉनिटर उघडू का?

तुम्ही नका उघडू. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही ट्यूब काही काळ चार्ज धरून ठेवते. जुना टीव्ही मेकॅनिक गाठा, अजून प्रत्येक तालुक्यात एखादा असतो. त्याला फक्त लक्षण सांगा. मधे एकच आडवी रेघ म्हणजे व्हर्टिकल आयसी किंवा तिथलं ड्राय सोल्डर. चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसतं म्हणजे कपॅसिटर. बारीक शिट्टी येते पण चित्र नाही, तर तो आधी एलओटीकडेच, म्हणजे हाय व्होल्टेज तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडेच बघेल.

एक सावधगिरी तुमच्या हातात आहे. जुन्या हिरव्या किंवा पिवळ्या मोनो मॉनिटरचा नऊ पिनांचा प्लग सीजीए या जुन्या रंगीत डिस्प्ले कार्डातही बसतो. बसतो म्हणून लावू नका. मोनोची लाइन १८ किलोहर्ट्झच्या वर चालते, सीजीएची पावणेसोळाच्या आसपास. चुकीच्या सिग्नलवर काही मोनो मॉनिटर जळतात.

शाळेच्या कपाटात बीबीसी मायक्रो निघाला. हा काय प्रकार?

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत देशभरच्या शाळांना ही मशीनं दिली होती. आत ६५०२ प्रोसेसर, ३२ केबी मेमरी. वर सांगितलेले कागदी कपॅसिटर याच्या सप्लायमध्ये हमखास असतात, ते बदलल्याशिवाय प्लग लावू नका. बाकी मशीन दणकट आहे. मुख्याध्यापकांना विनंती: डेडस्टॉकमध्ये काढायच्या आधी एकदा कळवा.

टर्बो बटण दाबलं की वेग वाढतो का?

उलट, ते सोडलं की कमी होतो. ८०८८ च्या वेगावर बेतलेले जुने गेम खेळता यावेत म्हणून होतं. कॅबिनेटच्या समोरचे मेगाहर्ट्झचे आकडे जंपरने ठरवलेले असतात, मशीन ते मोजत नाही. मी स्वतः ३३ च्या मशीनवर ६६ लावून दिलेत, गिऱ्हाईक खूश.

सुटे भाग कुठे मिळतील?

कपॅसिटर, डायोड, फ्यूज जळगावला गोलाणी मार्केटच्या आसपास विचारा. नाही मिळालं तर पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड. कपॅसिटर घेताना १०५ अंशाचा मागा, ८५ चा आपल्या हवेत लवकर सुकतो. जुन्या काळ्या लांब स्लॉटची आयएसए कार्डं मात्र दुकानात नाहीत. ती बंद पडलेल्या वजनकाट्यांत आणि एमआयडीसीतल्या जुन्या मशीनच्या पॅनलमध्ये असतात. चहा पाजून मिळतात.

भंगारवाला म्हणतो प्रोसेसरमध्ये सोनं आहे, विकू का?

जळगावच्या माणसाला सोन्याचं काय सांगायचं! मुलामा असतो, जुन्या सिरॅमिक चिपांवर जरा जास्त. तो काढायला घरामागे ॲसिडच्या बादल्या लावतात, धूर छातीत आणि पाणी नाल्यात. चालणारा ४८६ हौशी माणसाला द्या, भंगाराच्या भावापेक्षा नक्की जास्त मिळतील.

दुरुस्त झाला. आता कसा ठेवू?

महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा. उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच बिलकुल नाही, खोलीतच चाळीस अंश असतील तर कॅबिनेटच्या आत काय होत असेल बघा. वर सुती कापड टाका, प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात आत घाम धरतं. काम झालं की बटणावर न थांबता प्लग काढा. मे अखेरीस वळीव येतो, वीज कडाडते, आणि मोडेमला टेलिफोनची तार लागलेली असेल तर तीही काढा.